माठ, फडके, तुरटी आणि केळापूरचे पाणी

१.
यवतमाळ जिल्ह्यात केळापूर नावाचा तालुका आहे. त्याचे कचेरीचे गाव मात्र पांढरकवडा. जगदंबेच्या देवळासाठी ओळखले जाणारे मूळ केळापूर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. वऱ्हाडच्या इंग्रजी दप्तरातही हा तालुका याच नावाने येतो. त्या काळी जिल्ह्याला ‘वणी’ म्हणत. १९०५ मध्ये त्याचे नाव ‘यवतमाळ’ झाले. या धाग्याचा विषय मात्र राज्यकारभाराचा नाही. विषय आहे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाचा.

२.
पाणी चांगले करण्याच्या बिनखर्ची युक्त्या प्रत्येक घरात ठाऊक असतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, तोंडाला फडके बांधून पाणी भरावे, साथीच्या दिवसांत उकळून प्यावे, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवावे, उन्हाळ्यात माठातलेच प्यावे. आजीने सांगितले म्हणून एक पिढी त्या पाळते आणि आजीने सांगितले म्हणूनच दुसरी पिढी त्यांना हसते. त्या खरोखर उपयोगी आहेत का, याचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात बऱ्यापैकी सापडते.

३.
सर्वांत जुनी युक्ती निवळीची. निवळीचे बी ओल्या दगडावर किंवा मडक्याच्या आतल्या बाजूस घासायचे, पाणी भरायचे आणि स्वस्थ ठेवायचे. काही वेळाने गाळ तळाशी बसतो. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत कतक, म्हणजे हीच निवळी, आणि वस्त्र, म्हणजे गाळण्याचे फडके, या दोन्हींचा समावेश आहे. मनुस्मृतीत तर निवळी दृष्टान्तासाठी आली आहे : तिचे फळ पाणी नितळ करते खरे, पण नुसते तिचे नाव घेतल्याने पाणी नितळत नाही, अशा आशयाचा.

४.
यामागचे कारण साधे आहे. मातीचे अतिसूक्ष्म कण एकाच प्रकारचा विद्युत्भार बाळगतात, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. निवळीच्या बियांतील चिकट द्रव्ये त्यांना एकत्र बांधतात. तुरटी हेच काम अधिक जोराने करते : तिच्यातील ॲल्युमिनियमपासून पाण्यात मऊ, कापसासारखे पुंजके तयार होतात आणि ते गाळाला घेऊन खाली बसतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही पहिला टप्पा बहुधा तुरटीचाच असतो.

५.
तेव्हा गढूळपणावर युक्ती खरी. पण इथेच पहिली फसगत होते. गाळाबरोबर काही जंतू खाली बसतात, सगळे नाही. वरचे पाणी काचेसारखे दिसू लागले की ते निर्धोक झाले, असे डोळ्यांना वाटते. डोळ्यांना दिसणारा शत्रू एक आणि माणसाला मारणारा शत्रू दुसरा, हा फरक कळायला जगाला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

६.
१८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध पाण्याशी जोडून दाखवला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याहून पटकीच्या जंतूची ओळख पटल्याचे जाहीर केले. वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले. अशा वर्षांत विहिरी तळाला जातात, उरलेल्या एकाच पाणवठ्यावर माणसे आणि गुरे दाटी करतात आणि भुकेच्या पाठोपाठ पटकी गावात शिरते. त्याच काळात आग्र्याचे अर्नेस्ट हॅन्किन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. विहिरीचे पाणी जांभळट करणारे ते ‘लाल औषध’ अनेक खेड्यांच्या आठवणीत राहिले. पुढे त्याची जागा ब्लिचिंग पावडरने, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ‘टीसीएल’ने घेतली.

७.
घरात मात्र हत्यार होते ते फडके. त्याची पहिली मोठी परीक्षा पटकीने नव्हे, नारूने घेतली. नारू हा हातभर लांबीचा कृमी पायातून बाहेर पडतो. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की कृमीची पिल्ले पाण्यात जातात, सायक्लॉप्स नावाच्या जलपिसवेच्या पोटात वाढतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरतात. या रोगावर लस नव्हती आणि त्याला बरे करणारे औषधही नव्हते.

८.
पण साखळीत एक कच्चा दुवा होता. सायक्लॉप्सची लांबी जेमतेम एक मिलिमीटर असली, तरी कापडाच्या विणीतून ती पार होत नाही. भारतात १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रोग असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे, पाण्यात औषध टाकणे आणि घरोघरी पाणी फडक्याने गाळणे ही तिची मुख्य अंगे. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. एका रोगाच्या उच्चाटनात स्वयंपाकघरातल्या फडक्याचा एवढा वाटा क्वचितच कुठे असेल.

९.
पटकीचा जंतू त्या मानाने फारच लहान. तो कापडातून सहज निघून जातो. म्हणून फडके पटकीवर निरुपयोगी, असाच कोणाचाही समज होईल. परंतु रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते की हा जंतू पाण्यात बहुतांशी सायक्लॉप्सच्याच कुळातील बारीक जीवांना चिकटून राहतो. त्यांनी बांगलादेशातील मतलब भागात ६५ खेड्यांत तीन वर्षे प्रयोग केला. बायकांना एवढेच सांगितले होते : सुती साडीची निदान चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळा. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले.

१०.
त्या प्रयोगातील एक बारकावा काटकसरीच्या दृष्टीने मोलाचा आहे. नव्या साडीपेक्षा जुनी, अनेकदा धुतलेली साडी चांगली ठरली, कारण वापराने सूत पिंजारते आणि विणीतली छिद्रे बारीक होतात. घडी मात्र चार पदरी हवी. एकेरी फडक्याने ते काम होत नाही. गाळल्यावर कापड स्वच्छ पाण्याने खळबळून उन्हात वाळवायला हवे, नाही तर जंतूंनी भरलेले तेच कापड दुसऱ्या दिवशी पुन्हा माठावर येते. शिवाय ४८ टक्के म्हणजे निम्मेही नाही. फडके धोका कमी करते, संपवत नाही.

११.
संपवण्याची युक्ती एकच : उकळणे. पाण्याला एक मिनिट खळखळून उकळी आली की रोगजंतू मरतात. याविषयी कोणाचे दुमत नाही. पण ही युक्ती बिनखर्ची आहे का? एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. किलोभर वाळल्या लाकडात साधारण ३,७५० किलोकॅलरी असतात, पण उघड्या चुलीत त्यांतला जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. म्हणजे लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम सरपण.

१२.
पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज १५ लिटर पाणी धरले, तर ते उकळायला रोज ३ किलो आणि महिन्याला ९० किलो सरपण हवे. केळापूरच्या कापूसपट्ट्यात वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या आणि तुराट्या सरपणाला मिळतात, पण त्या भरभर जळून जातात आणि पावसाळ्यात ओल्या होतात. पटकीची भीती असते नेमकी पावसाळ्यात. तेव्हा ‘उकळून प्या’ हा सल्ला देणाऱ्याला फुकट पडतो. ज्या बाईला सरपण आणावे लागते आणि चुलीचा धूर सोसावा लागतो, तिला तो फुकट पडत नाही.

१३.
तांब्याच्या भांड्याचे काय? २०१२ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी पटकी, हगवण आणि विषमज्वर यांसारख्या रोगांच्या जंतूंनी मुद्दाम दूषित केलेले पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यांत ठेवून पाहिले. त्यानंतर तपासणीत जिवंत जंतू मिळाले नाहीत आणि पाण्यात उतरलेले तांबे सुरक्षित मर्यादेच्या बरेच आत होते. इथेही युक्तीला अटी आहेत. पाणी भरून तासाभरात प्यायले तर उपयोग नाही. आतून कल्हई केलेल्या भांड्यात पाण्याला तांबे भेटतच नाही. आणि ताक, लिंबू, चिंच असे आंबट पदार्थ तांब्यात ठेवले तर तांबे नको तेवढे उतरते.

१४.
राहिला माठ. त्याच्या भिंतीतून झिरपलेले पाणी बाहेर येऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. १५ लिटरचा माठ १० अंशांनी थंड करायला १५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे हिशेबाने पाव लिटर पाणी उडाले की काम झाले. बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक उडते. कोरड्या हवेच्या वैशाखात केळापूरला माठ उत्तम चालतो, दमट कोकणात तितका नाही, आणि आषाढात केळापूरलाही नाही. रंगाचा तकतकीत हात दिलेला माठ छिद्रे बुजल्याने कुठेच चालत नाही.

१५.
इथपर्यंतचा हिशेब आजीच्या बाजूने जातो. अटी पाळल्या तर बहुतेक युक्त्या खऱ्या ठरतात. पण इतिहास इथे थांबला नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या उघड्या विहिरी आटल्या आणि खडक फोडून खोल जाणारी विंधनयंत्रे गावोगाव फिरू लागली. खोल बोअरला टिकाऊ हातपंप हवा होता. आधी ‘जालना पंप’ आला, मग त्याच्यावरून ‘सोलापूर पंप’, आणि त्याच्या आधारावर युनिसेफच्या साहाय्याने १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप तयार झाला. पुढे तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोहोचला. मराठवाड्यातल्या आणि सोलापूरच्या कारागिरीची ही जगभर गेलेली देणगी.

१६.
बोअरच्या पाण्यात गाळ नाही, सायक्लॉप्स नाही, जंतू सहसा नाहीत. पायऱ्यांच्या विहिरीवरून हापशीवर जाणे म्हणजे नारू आणि पटकी यांच्यापासून दूर जाणे. हा बदल लाखो जीव वाचवणारा होता, यात शंका नाही. पण खोल पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले असते. खडकात जे विरघळण्याजोगे असेल ते त्यात उतरते. काही खडकांत ते फ्लोराइड असते.

१७.
फ्लोराइड थोडे असले तर दातांना उपकारक, अधिक झाले तर घातक. लहानपणापासून असे पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात; वर्षानुवर्षांनी सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. भारतात या विकाराची नोंद प्रथम १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पांढरकवडा परिसरातील भूजलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा विषयच होता तेथील पाण्यातले फ्लोराइड; काही ठिकाणी ते मर्यादेच्या कितीतरी वर होते.

१८.
आता त्याच जुन्या युक्त्या या नव्या शत्रूसमोर उभ्या करून पाहाव्यात. फडके : विरघळलेले क्षार त्यातून जसेच्या तसे जातात. तांब्याचे भांडे : फ्लोराइडवर परिणाम नाही. उकळणे : उलट अपाय. पाणी उडते, फ्लोराइड मागे राहते. लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्याचा पाचवा हिस्सा उकळून उडाला, तर उरलेल्या पाण्यात ते २.५ मिलिग्रॅम होते. माठातही थोड्या प्रमाणात तेच घडते. पाणी मात्र नितळ, थंड आणि चवीला चांगले लागते. ज्या घरात सगळ्या युक्त्या मनोभावे पाळल्या जातात, त्या घरातल्या मुलाच्या दातांवरही डाग पडतात.

१९.
एका युक्तीची गोष्ट वेगळी : तुरटीची. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत बसवली. ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते. नलगोंडा हा आजच्या तेलंगणातला फ्लोराइडने ग्रासलेला जिल्हा. बादलीत मोजून चुना आणि तुरटी घालायची, दहा-वीस मिनिटे सावकाश ढवळायचे, तासभर स्थिर ठेवायचे आणि वरचे पाणी तोटीने काढून घ्यायचे. तुरटीपासून होणारे तेच मऊ पुंजके फ्लोराइडलाही धरून खाली बसतात.

२०.
मात्र इथे प्रमाणालाच सगळे महत्त्व आहे. हातात खडा धरून दोन-चार वेळा पाण्यात फिरवल्याने गाळ बसतो, फ्लोराइड जात नाही. त्यासाठी लिटरमागे काही शे मिलिग्रॅम तुरटी लागते, आणि नेमकी किती ते पाण्यातल्या फ्लोराइडवर व क्षारतेवर ठरते. कमी पडली तर उपयोग नाही. बेहिशेबी घातली तर पाण्यात ॲल्युमिनियम राहते. तळाचा गाळ सांडायचा कुठे, हाही प्रश्न उरतो. आजीची तुरटी आणि नीरीची तुरटी एकच; फरक आहे तो तराजूचा आणि पाण्याच्या तपासणीचा.

२१.
स्वयंपाकघरातला आणखी एक पदार्थ या गोष्टीत येतो, तो म्हणजे चिंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान प्रयोगात काही शाळकरी मुलांना रोज थोडी चिंच खायला दिली. त्यांच्या लघवीवाटे अधिक फ्लोराइड बाहेर पडू लागल्याचे दिसले. जेवणात पुरेसे कॅल्शियम असले तर पोटातून शोषले जाणारे फ्लोराइड कमी होते, हेही माहीत आहे. तेव्हा दूध, तीळ, पालेभाज्या आणि आमटीतली चिंच यांचा आधार आहे. पण तो आधारच. रोज तेच पाणी पीत राहिले तर चिंच त्याची भरपाई करू शकत नाही.

२२.
मग खरी काटकसर कोणती? पहिला खर्च तपासणीचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्यातले फ्लोराइड मोजता येते. एकाच गावात एका बोअरचे पाणी वाईट आणि जवळच्या उथळ विहिरीचे बरे, असे पुष्कळदा असते. अशा वेळी वापरायचे पाणी बोअरचे आणि पिण्याचे व स्वयंपाकाचे विहिरीचे, एवढी वाटणीही पुरते. अर्थात विहिरीचे पाणी घ्यायचे म्हणजे जुना शत्रू परत आला. तिथे टीसीएल, चार पदरी साडी आणि उकळणे यांना पुन्हा काम मिळते.

२३.
दुसरा उपाय पावसाचा. त्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतेच. २० चौरस मीटरच्या टिनाच्या छपरावर वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर १८,००० लिटर पाणी पडते. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना रोज १५ लिटरप्रमाणे ३,६०० लिटर पुरतात. पाणी मुबलक आहे. महाग आहे ती टाकी. आरओ यंत्र फ्लोराइड काढते, पण त्याला वीज, दुरुस्ती आणि पैसा लागतो आणि बरेच पाणी वाया जाते. पोडावरच्या कोलाम कुटुंबाला यांतले काहीच एकट्याच्या बळावर परवडत नाही. घरगुती युक्तीची हद्द इथे संपते आणि ग्रामपंचायतीची व शासनाची सुरू होते.

२४.
जुन्या युक्त्या खोट्या नव्हत्या. प्रत्येक युक्ती एका विशिष्ट शत्रूसाठी होती : निवळी आणि तुरटी गाळासाठी, फडके जलपिसवेसाठी, उकळणे आणि तांबे जंतूंसाठी, माठ उन्हाळ्यासाठी. १९७२ नंतर केळापूरच्या परिसरात पाणीच बदलले, ते वरून न येता खालून येऊ लागले. युक्त्या मात्र त्याच राहिल्या. निवळीचे नाव घेतल्याने पाणी नितळत नाही, हे जुन्या ग्रंथकाराला ठाऊक होते. नितळलेले पाणी निर्धोक असतेच असे नाही, ही त्यात विसाव्या शतकाने घातलेली भर. माठ भरण्यापूर्वी त्यातले पाणी कुठून आले आणि ते कधी तपासले, एवढे विचारणे ही आजच्या घराला परवडणारी सर्वांत स्वस्त युक्ती आहे.